देवळीचा कौल

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्याने, पऱ्हाटी आणि सोयाबीनच्या वावरांमधून सुमारे सतरा-अठरा किलोमीटर गेले म्हणजे देवळी लागते. मिरणनाथ महाराजांच्या देवस्थानामुळे, कुस्तीच्या आखाड्यांमुळे आणि अलीकडच्या औद्योगिक वसाहतीमुळे हे तालुक्याचे गाव पंचक्रोशीला चांगले ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या राजकारणात मात्र त्याचे नाव फारसे कधी दुमदुमले नाही. तथापि २३ नोव्हेंबर २०२४ रोजी येथे लागलेला निकाल, काँग्रेस पक्षाच्या या राज्यातील भवितव्याविषयी ज्याला काही सांगायचे आहे त्याने, मुंबईतील बैठकांचे वृत्तान्त बाजूस ठेवून प्रथम वाचावा, असे मला मनापासून वाटते.

त्या दिवशी रणजित कांबळे येथे पराभूत झाले. १९९९ पासून, आधी जुन्या पुलगाव मतदारसंघातून आणि पुनर्रचनेनंतर २००९ पासून देवळीतून, सलग पंचवीस वर्षे विधानसभेत असलेल्या या काँग्रेसच्या प्रतिनिधीला भारतीय जनता पक्षाच्या राजेश बकाने यांनी नऊ हजारांहून थोड्या अधिक मतांनी मागे टाकले. आणि त्याबरोबर वर्धा, हिंगणघाट, आर्वी व देवळी या जिल्ह्यातील चारही जागा भाजपकडे गेल्या. ज्या जिल्ह्यातून काँग्रेसने एकेकाळी साऱ्या देशाशी संवाद केला, त्या जिल्ह्याचा एकही आमदार आज काँग्रेसचा नाही. राज्यातील चित्रही याहून निराळे नव्हते. २८८ जागांच्या सभागृहात भाजपला एकट्याला १३२ जागा मिळाल्या, आणि काँग्रेस १०१ जागा लढवून केवळ १६ ठिकाणी निवडून आली. त्या सोळांपैकी नऊ विदर्भातल्या असल्या, तरी त्यातलीही साकोलीची जागा तत्कालीन प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांना २०८ मतांनी कशीबशी राखता आली.

अशा वेळी दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की काँग्रेसचा काळ संपला, आता येथे एकाच पक्षाचे राज्य दीर्घकाळ चालणार. दुसरा म्हणतो की लोक आज ना उद्या विटतील, आणि विटले म्हणजे आपोआप आपल्याकडे येतील. ही दोन्ही मते मला सारखीच आळसावलेली वाटतात, कारण दोहोंमध्ये पक्षाने स्वतः करावयाचे असे काही उरत नाही. देवळीचा इतिहास मात्र एक तिसरीच गोष्ट सांगतो. येथे काँग्रेसची मते नाहीशी झालेली नाहीत. नाहीशी झाली आहे ती गावातील तिची नित्याची बसण्याउठण्याची जागा, आणि ती जागा सत्तेवाचून कशी मिळवावी हे ती पार विसरून गेली आहे.

आरंभ जुन्या काळापासून करणे भाग आहे. वर्धा हा वऱ्हाड नव्हे. तो मध्यप्रांतातील मालगुजारी मुलूख. येथल्या कास्तकाराचा सरकारशी संबंध मालगुजार आणि पटवारी यांच्यामार्फत येई, आणि अशा प्रदेशात राष्ट्रीय चळवळ आली ती केवळ सभांच्या रूपाने आली असती तर सभा संपताच विरून गेली असती. ती आली निराळ्या मार्गाने. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ येथे स्थापन झाला. १९३६ साली गांधीजी शेगावला येऊन राहिले आणि त्या शेगावचे सेवाग्राम झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात नई तालीमची परिषद येथे भरली. आणि १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव केला तोही वर्ध्यातच. या संस्थांपैकी एकही मते मिळवण्यासाठी काढलेली नव्हती. घाणीचे तेल, हातकागद, गोसेवा, सूत, शाळा यांसाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसांनी जी ओळख निर्माण केली, तिच्या आधारावर पुढे १९५२ साली श्रीमन्नारायण अग्रवाल आणि त्यानंतर कमलनयन बजाज लोकसभेवर गेले. मतपेटी त्या कामाच्या मागून आली, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

त्या ओळखीची खरी कसोटी १९७७ साली लागली. देशभर काँग्रेसची धूळधाण होत असता वर्ध्याने संतोषराव गोडे यांना निवडून दिले. आणि पक्षात फूट पडल्यावर १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत नव्या इंदिरा काँग्रेसला महाराष्ट्रात आधार दिला तो मुख्यत्वे विदर्भाने. वसंत साठे यांनी १९८०, १९८४ आणि १९८९ अशा तीनही निवडणुका येथूनच जिंकल्या. बालेकिल्ला हा शब्द वर्ध्याला चिकटला तो याच काळात, आणि माझ्या मते याच काळात त्याने पक्षाचे सर्वाधिक नुकसान केले. बालेकिल्ला म्हटले की आतील माणसे तटबंदीवर विसंबून निजतात.

वस्तुतः १९९१ सालीच हा तट ढासळला होता. त्या वर्षी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे यांनी वसंत साठे यांच्यासारख्या मातब्बर माणसाचा पराभव केला. १९९६ साली भाजपचे विजय मुडे आले. १९९८ साली दत्ता मेघे, १९९९ साली प्रभा राव, म्हणजे पुन्हा काँग्रेस. २००४ साली भाजपचे सुरेश वाघमारे. २००९ साली फिरून मेघे. २०१४ व २०१९ साली देवळीचेच, कुस्तीच्या आखाड्यातून आलेले रामदास तडस, भाजपतर्फे. आणि २०२४ साली अमर काळे, राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटातर्फे. ही यादी मी मुद्दाम सलग दिली, कारण तिच्यावरून एवढे निर्विवाद दिसते की गेल्या तीन तपांत वर्ध्याच्या मतदाराने कोणालाच कायमचा पट्टा लिहून दिलेला नाही. जे आज या जिल्ह्याला भाजपचा अभेद्य गड म्हणतात, ते काँग्रेसने केलेलीच चूक नव्याने करीत आहेत.

परंतु मतदार चंचल आहे म्हणून काँग्रेसने स्वस्थ बसावे काय? येथे मला त्या पक्षाच्या जुन्या बांधणीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ती बांधणी ज्यांनी डोळ्यांनी पाहिली नाही त्यांना आजची पोकळी कळणार नाही. स्वातंत्र्यानंतर रचनात्मक संस्था हळूहळू पक्षापासून दूर झाल्या आणि त्यांची जागा दुसऱ्या एका यंत्रणेने घेतली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. गावात सेवा सहकारी सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, आणि १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना, असा तिहेरी गोफ विणला गेला. कास्तकाराने हंगामाच्या तोंडावर सोसायटीतून कर्ज घ्यायचे. दिवाळीनंतर कापूस बंडीत भरून पणन महासंघाच्या संकलन केंद्रावर न्यायचा. ग्रेडर प्रत ठरवील ती मान्य करायची. आणि चुकारा मिळे तो बँकेमार्फत, कर्जाची रक्कम वळती होऊन. या प्रत्येक पायरीवर माणसाला माणसाची गरज लागे. ग्रेडरने प्रत कमी लावली तर त्याच्याशी बोलायला, चुकारा अडला तर बँकेत जायला, गटसचिव कागद अडवून बसला तर त्याला समजवायला गावातला कोणीतरी जाणता लागे. आणि तो जाणता बहुधा काँग्रेसचा असे, कारण सोसायटी, बँक, महासंघ आणि जिल्हा परिषद या चारही ठिकाणी त्याची ऊठबस होती.

या व्यवस्थेत गैरप्रकार नव्हते असे मी म्हणणार नाही. वशिला होता, अडवणूक होती, आपला आणि परका हा भेद होता, आणि ज्याचा जाणता दुबळा त्याचा कापूस केंद्रावर चार-चार दिवस बंडीत पडून राही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेला विदर्भाच्या कापूस-पट्ट्यात जो प्रतिसाद मिळाला, तो या जाचाच्या अनुभवातूनच मिळाला. तथापि व्यवस्था चांगली असो वा वाईट, पक्ष आणि गाव यांना जोडणारी ती रोजची वाट होती. ती वाट बुजली. एकाधिकार खरेदी या शतकाच्या आरंभी संपुष्टात आली आणि कास्तकार खासगी जिनिंगच्या दारात उभा राहिला. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्हा बँका एकाच काळात डबघाईला आल्या. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने त्यांना परवाना नाकारला, आणि ठेवीदाराला आपल्याच पैशासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. सोसायट्या नावापुरत्या उरल्या. आणि २०२२ साली मुदत संपल्यावर जिल्हा परिषद प्रशासकाच्या हाती गेली, ती एक-दोन महिन्यांसाठी नव्हे, वर्षानुवर्षे. म्हणजे ज्या चार खांबांवर काँग्रेसचा गावातील माणूस उभा होता, ते चारही एकामागून एक गेले. त्यातले काही त्याच्याच पक्षाच्या राजवटीत, त्याच्याच पुढाऱ्यांच्या कारभाराने गेले, हे सांगताना मला दुःख होते. पण न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

इतके होऊनही देवळी राहिली कशी? २००९, २०१४ आणि २०१९ या तीनही निवडणुकांत कांबळे निवडून आले. प्रभा राव यांचा वारसा, व्यक्तिगत संपर्क, मंत्रिपदाच्या काळातील कामे ही त्याची कारणे आहेतच. पण आकडे याहून काही अधिक सांगतात. २०१४ साली, जेव्हा चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले, तेव्हा सुरेश वाघमारे यांच्यावरचे त्यांचे मताधिक्य एक हजाराच्याही आत होते. २०१९ साली ते एकदम पस्तीस हजारांच्या घरात गेले खरे, पण त्या वेळी युतीत ही जागा शिवसेनेकडे होती आणि भाजपचे बकाने बंडखोरी करून अपक्ष उभे होते. विरोधी मते दोन ठिकाणी वाटली गेली होती. ही फूट वगळली तर देवळीचा तराजू २०१४ पासूनच समतोल होता. त्या पस्तीस हजारांच्या मताधिक्याकडे पाहून ज्यांनी निश्चिंत व्हायचे ठरवले, त्यांनी ते मताधिक्य कशाचे बनले आहे हे उघडून पाहिले नाही. २०२४ साली बंडखोर हाच अधिकृत उमेदवार झाला, फूट मिटली, आणि निकाल लागला.

याहून मोठी गफलत त्याच वर्षीच्या जून महिन्यात झाली. २६ एप्रिल २०२४ रोजी वर्ध्यात लोकसभेचे मतदान झाले आणि ४ जूनला अमर काळे यांनी तडस यांना ८१ हजारांहून अधिक मतांनी हरवले. २०१४ साली जेथे दोन लाखांहून अधिक आणि २०१९ साली जवळजवळ तितक्याच मतांनी भाजप जिंकला होता, तेथे हा पालट झाला. विदर्भातील दहांपैकी सात जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, त्यांतील पाच काँग्रेसच्या. आनंद होणे स्वाभाविक होते. परंतु त्या आनंदात एक गोष्ट कोणी फारशी बोलली नाही : वर्ध्याच्या त्या मतदानयंत्रावर पंजा हे चिन्ह नव्हते. जागा मित्रपक्षाकडे गेली होती, आणि काँग्रेसचे जुने आमदार असलेले काळे तुतारी वाजवणारा माणूस या चिन्हावर लढले होते. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, तेथे काँग्रेसने आपले चिन्ह खाली ठेवले आणि विजय मिळवला. हा विजय कोणाचा मानावा?

त्या उन्हाळ्यात देवळीच्या बसस्थानकासमोरच्या एका पानठेल्यावर एका वृद्ध कास्तकाराशी माझे बोलणे झाले. मी त्यांना काकाजी म्हणून विचारले की या वेळी गावाने असा पालट का केला. ते म्हणाले, ‘‘मत पक्षाले नाही पडलं जी. सोयाबीनच्या भावाले पडलं.’’ आणि थोडा वेळ थांबून त्यांनी पुढे जे सांगितले ते मला अधिक महत्त्वाचे वाटले. त्यांच्या गावी प्रचाराच्या चार दिवसांत जी माणसे आली, ती त्याआधी पाच वर्षांत पांदणीचा चिखल पाहायला कधी आली नव्हती. आणि निकालानंतरही आली नाहीत.

म्हाताऱ्याचे निदान अचूक होते. राग हे काँग्रेसचे भांडवल नव्हते. तो मतदाराने काही काळासाठी तिच्याकडे ठेवलेली अमानत होती. पुढच्या पाच महिन्यांत त्या अमानतीचे काय झाले पाहा. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि ऐन निवडणुकीत बाजार समितीत भाव त्याच्या कितीतरी खाली होता. म्हणजे जूनमध्ये ज्या कारणाने मतदार चिडला ते कारण नोव्हेंबरातही जसेच्या तसे होते. तरी कौल फिरला. सत्ताधाऱ्यांनी सहा हजारांच्या भावाचे आश्वासन दिले, काँग्रेसने सात हजारांचे. सरकारने खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा बारा टक्क्यांवरून पंधरा केली. आणि या सर्वांहून अधिक परिणाम केला तो लाडकी बहीण योजनेने. जुलैपासूनचे पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार रुपये, मतदानापूर्वी बायांच्या खात्यात आले होते. महाविकास आघाडीने महिना तीन हजारांचे वचन दिले. हातात पडलेले दीड हजार आणि कोणी देऊ केलेले तीन हजार यांत निंदणाला जाणारी बाई काय निवडील, हे ज्याला समजत नाही त्याने गावात मते मागायला जाऊ नये.

या योजनेची काँग्रेसच्या काही मंडळींनी मते विकत घेण्याचा प्रकार म्हणून संभावना केली, ती मला अत्यंत अनुचित वाटली. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, जिची मजुरी घरच्या खर्चात कधी विरते ते तिलाच कळत नाही, तिच्या स्वतःच्या खात्यात दरमहा काही रक्कम येणे ही तिच्या आयुष्यात घडलेली खरी घटना आहे. तिचा उपहास करून तिचे मत मिळत नसते. प्रश्न विचारायचा होता तो निराळा : ज्या घरात बाईला दीड हजार मिळाले, त्याच घराने सोयाबीन हमीभावाखाली विकून किती गमावले? दहा क्विंटल सोयाबीन विकणाऱ्या घराला क्विंटलमागे सात-आठशे रुपयांचा तोटा झाला, तर बहिणीचे पाच हप्ते त्यात कधीच गेले. हा हिशेब साधा आहे; तो चुलीपाशी बसून, कागदावर आकडे मांडून, तिच्याच भाषेत सांगता आला असता. पण तो सांगायला गावात बसणारा माणूस लागतो. सभेच्या ध्वनिक्षेपकावरून असला हिशेब कोणाच्या कानात उतरत नाही.

याच काळात उमेदवारीचा प्रश्नही आला. आर्वीची जागा आघाडीने नवनिर्वाचित खासदारांच्याच घरात, त्यांच्या पत्नी मयूरा काळे यांना दिली. ती भाजपच्या सुमित वानखेडे यांनी जिंकली. मी घराण्यांचा सरसकट विरोधक नाही. प्रभा राव यांच्यासारखी कर्तबगार स्त्री पुलगावच्या राजकारणातून वर आली आणि पुढे राज्यपालपदापर्यंत गेली, याचा या भागाला सार्थ अभिमान आहे. पण एखाद्या जिल्ह्यात चाळीस-पन्नास वर्षे उमेदवारी तीन-चार घरांतच फिरत राहिली, म्हणजे त्या घरांबाहेरचा होतकरू तरुण काय करतो? तो दुसरे दार ठोठावतो. भाजपने गेल्या चार दशकांत विदर्भात जे केले त्याचे मर्म येथे आहे : इतर मागासवर्गीय समाजांतील, काँग्रेसच्या वाड्यात ज्यांना ओसरीपुढे जाता येत नव्हते अशा माणसांना त्याने माजघरात जागा दिली. २०१४ साली मेघे कुटुंबासारखे काँग्रेसमधील बडे घराणेही त्याच दाराने बाहेर पडले. परंतु मोठ्यांच्या जाण्याची बातमी होते, लहानांच्या जाण्याची होत नाही, आणि पक्ष रिता होतो तो लहानांच्या जाण्याने.

प्रतिस्पर्ध्याच्या चिकाटीचा उल्लेख मी मोकळ्या मनाने करतो. १९३४ च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे शिबिर वर्ध्यात भरले असता गांधीजींनी त्यास भेट दिली होती. त्या वेळी या प्रदेशाच्या जनमानसावर कोणाचा अधिकार होता हे सांगावयास नको. त्या प्रवाहातून पुढे १९५१ साली जनसंघ आणि १९८० साली भाजप हे पक्ष निघाले, आणि वर्ध्याहून लोकसभेत त्यांचा पहिला माणूस पोचला तो १९९६ साली. म्हणजे त्या शिबिरानंतर बासष्ट वर्षांनी. या बासष्ट वर्षांत अनामत रकमा जप्त झाल्या असतील, सभांना माणसे जमली नसतील, सतरंज्या उचलायला हात पुरे पडले नसतील. तरी शाखा, वाचनालय, विद्यार्थी संघटना, कुठे वसतिगृह असे काही ना काही चालू राहिले. त्यांच्या विचारांशी माझे मतभेद आहेत आणि ते मी कधी लपवले नाहीत. पण सत्तेवाचून जगण्याची विद्या त्यांनी काँग्रेसच्याच जिल्ह्यात, काँग्रेसच्या डोळ्यांदेखत कमावली, आणि ती मुळात काँग्रेसची विद्या होती. ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीत तेलघाणी चालवणाऱ्या माणसाला कोणत्या खात्याचे मंत्रिपद होते?

आता पुढचे. माझ्या अंदाजाने देवळी ही जिल्ह्यातील चार जागांपैकी काँग्रेसला पुन्हा मिळण्याजोगी पहिली जागा आहे. नऊ हजारांचा फरक म्हणजे झालेल्या मतदानाच्या शेकडा पाचाच्या आसपास. पंचवीस वर्षांच्या प्रतिनिधित्वाविषयी साचलेला कंटाळा आणि एका योजनेचा ताजा प्रभाव ही दोन्ही कारणे विरुद्ध असताना एवढाच फरक पडावा, याचा अर्थ पक्षाची मुळे जमिनीत अजून ओली आहेत. वर्धा आणि हिंगणघाट येथे पंकज भोयर व समीर कुणावार हे भाजपचे आमदार २०१४ पासून तिसऱ्यांदा निवडून आले आहेत, आणि त्यांतले पहिले आता राज्यमंत्रीही आहेत; तेथे काम अधिक कठीण. आर्वीत प्रश्न मित्रपक्षाशी वाटपाचा आहे. राज्यात म्हणाल तर काँग्रेसला २०२४ साली शेकडा बारा मते मिळाली, भाजपला सव्वीसहून अधिक. हे अंतर एका निवडणुकीत भरून निघेल असे मी म्हणणार नाही. पण विदर्भात बहुतेक ठिकाणी लढत थेट या दोन पक्षांत असते, आणि राज्यात काँग्रेसचे पुनरुज्जीवन होणार असेल तर ते मुंबई किंवा पश्चिम महाराष्ट्रातून होणार नाही, याच कापूस-पट्ट्यातून होईल.

२०२५ च्या फेब्रुवारीत हर्षवर्धन सपकाळ यांच्याकडे प्रदेशाध्यक्षपद आले, तेव्हा साखर कारखाना वा शिक्षणसंस्था पाठीशी नसलेला, बुलडाण्याचा, सर्वोदयी वळणाचा माणूस निवडला गेला म्हणून काहींनी नाके मुरडली. मला ती निवड योग्य दिशेची वाटली. ज्या पक्षाजवळ आज देण्यासारखे काही उरलेले नाही, त्याला ज्याने काही घेतलेले नाही असाच माणूस उपयोगी पडतो. मात्र एका माणसाच्या वळणाने देवळी तालुक्यातील एखाद्या गावी मतदान केंद्रावर बसायला पक्षाचा प्रतिनिधी मिळत नाही. तो गावातच तयार व्हावा लागतो, आणि निवडणूक दूर असताना तयार व्हावा लागतो. मतदारयादीतील मेलेल्यांची नावे, लग्न होऊन आलेल्या सुनांची राहिलेली नावे, पुण्या-नागपुराकडे कामाला गेलेल्या पोरांची दोन ठिकाणची नावे, हे सारे तहसील कचेरीत जाऊन, अर्ज भरून, पोचपावती घेऊन करण्याचे काम आहे. याद्यांविषयी देशभर तक्रार करणाऱ्या पक्षाने आपल्या एका तालुक्याची यादी घरोघर फिरून तपासली, तर त्याच्या तक्रारीला जे वजन येईल ते शंभर पत्रकार परिषदांनी येणार नाही.

हे मी एका पक्षाच्या हितासाठी लिहीत नाही. ज्या जिल्ह्यात चारही आमदार एका बाजूचे, जिल्हा परिषदेत लोकनियुक्त सभासद वर्षानुवर्षे नाहीत आणि सहकारी बँकेचा कणा मोडलेला, तेथे कास्तकाराच्या बाजूने प्रश्न विचारणारा अधिकृत माणूसच उरत नाही. २०२५ च्या ऑगस्टात कापसावरील अकरा टक्के आयात शुल्क उठवले गेले आणि पुढे वर्षअखेरपर्यंत ती सूट वाढली. पऱ्हाटीला बोंडे धरत असताना घेतलेल्या या निर्णयाचा येथल्या भावाशी किती निकटचा संबंध आहे, हे देवळीतील शाळकरी मुलालाही कळते. या निर्णयाविरुद्ध जिल्ह्यातून जो आवाज उठायला हवा होता तो क्षीण उठला. सत्ताधारी आमदारांनी स्वपक्षाविरुद्ध बोलावे ही अपेक्षा अवास्तव आहे. ज्यांनी बोलायचे ते निवेदन देऊन, छायाचित्र काढून घरी गेले.

त्याच हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी मोबाइलवरील ‘कपास किसान’ या अॅपवर नोंदणी आवश्यक केली. दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी देवळीला होतो. एका भ्रमणध्वनीच्या दुकानापुढे सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन कास्तकारांची रांग लागली होती. बहुतेक साठीच्या पुढचे, त्यांतल्या कित्येकांच्या हाती साधा फोन. कोणाच्या अंगठ्याचा ठसा उमटत नव्हता, कोणाच्या सातबाऱ्यावरचे नाव आधारावरच्या नावाशी जुळत नव्हते, कोणाचा पेरा पटवाऱ्याच्या नोंदीत चढलाच नव्हता. दुकानातला विशीतला मुलगा प्रत्येकाकडून थोडे पैसे घेऊन, न कंटाळता, ‘‘बाबाजी, इकडे पाहा, डोळे मिटू नका’’ म्हणत त्यांची छायाचित्रे काढीत होता. दोन तास मी तेथे उभा होतो. कोणत्याही पक्षाचा माणूस त्या रांगेजवळ आला नाही. मी त्या मुलाला विचारले की या लोकांनी तुला मत द्यायचे म्हटले तर किती जण देतील. त्याने मान वर न करता सांगितले, ‘‘सगळे देतील जी. पण मले कोण तिकीट देते?’’